अर्ध्यावर सोडलेलं प्रभुभोजन

दादा, तुम्ही जाऊन आता सत्तावीस वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी पस्तिशीत होते, आता गुडघे धरून उठते. आपल्या गावाचं नावसुद्धा पाट्यांवर बदललं. मी पुंडलिकनगरला राहते, हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. स्वयंपाकघरात पूर्वेला खिडकी आहे आणि सकाळचं काम आटपलं की मी तिथंच वही घेऊन बसते. आज तुम्हाला लिहायला बसले, कारण जे सांगायचंय ते तुमच्याशिवाय कुणाला नीट कळणार नाही, आणि त्यातला निम्मा भाग तुमचाच आहे.

तुमच्या त्या रविवारबद्दल आपण बापलेक कधी नीट बोललो नाही. मी बारा वर्षांची होते. मिशनच्या दवाखान्यात तुम्ही सुतार होतात. आवारातल्या वर्कशॉपमध्ये तुमच्या शेजारी फिटरचाचा बसायचे, आणि दुपारी तुमच्या डब्यातलं पिठलं त्यांच्याकडं आणि त्यांच्याकडचं सालन तुमच्याकडं जायचं. ईदेला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचं पातेलं यायचं, नाताळला आई त्याच पातेल्यात करंज्या भरून परत पाठवायची. मग एके दिवशी तुमचा रंधा हरवला. आजोबांच्या हातचा, शिसवी मुठीचा. तुम्ही दोन दिवस शोधलात आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांपुढं, सगळ्यांदेखत म्हणालात, "माझ्या शेजारी दुसरं कोण बसतंय? यानंच नेला." चाचांना हत्यारांची पेटी उघडायला लावली. रंधा मिळाला नाही, पण तुम्ही शब्द मागं घेतला नाहीत. डबे वेगळे झाले. त्या दिवसांत तुम्ही घरी येऊन आईवर उगाच ओरडायचात, मीठ कमी आहे म्हणून, दिव्याची काच पुसली नाही म्हणून, आणि ती उठून काच पुसायची.

तीन आठवड्यांनी प्रभुभोजनाचा रविवार आला. मी आईबरोबर दुसऱ्या बाकावर आहे. मला त्या दिवशी पहिल्यांदाच एकटीनं एक कडवं गायला दिलेलं, आणि मी ते मनातल्या मनात घोळवतेय. तुम्ही पुढं गेलात, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकलेत. पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर घेऊन एकेकापुढून येतायत. तुमच्यापर्यंत आले आणि तुम्ही हात पुढं केला नाहीत. तुम्ही खाली वाकून गुडघे टेकायच्या फळीखाली हात घातलात आणि रंधा बाहेर काढलात. महिनाभरापूर्वी तो कठडा तुम्हीच दुरुस्त केला होता. तेव्हाच रंधा आत सरकवून ठेवलात आणि विसरलात. पाळकसाहेब भाकर धरून तसेच उभे. तुम्ही उठलात, मान खाली घालून मधल्या वाटेनं चालायला लागलात. पांढरा सदरा, हातात रंधा, आणि सगळी मंडळी माना वळवून बघतेय. आईनं मला ढकललं. "जा त्यांच्याबरोबर." मी म्हटलं, "माझं कडवं?" ती म्हणाली, "जा म्हणते ना."

तर मी तुमच्यामागं चालतेय, शहागंजच्या मागच्या गल्लीपर्यंत, आणि रस्ताभर रडतेय. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत का रडतेस. चाचांनी दार उघडलं. तुम्हाला पाहून ते आत या म्हणाले नाहीत.

"भाई, रंधा सापडला," तुम्ही म्हणालात.

"किधर?"

"आमच्या देवळात. मीच ठेवला व्हता. माझं चुकलं."

चाचांनी रंधा हातात घेतला. पात्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. मग सावकाश बोलले, आवाज न चढवता. "मेरी पेटी खुलवाई तुमने. रोटी का कपडा तक झटक के देखे लोगां. घर में आ के माफी नक्को मांगो, उस्ताद. पेटी घर में नहीं खुली थी." आणि दार लावून घेतलं. आतून चाचींचा आवाज आला, बच्ची धूप में खडी है, पाणी तरी द्या अशा अर्थाचं काहीतरी. दार उघडलं नाही.

परतीच्या वाटेवर मी तुम्हाला म्हणाले, "भाकर न घेताच उठलात. आता लोक काय म्हणतील?" तुम्ही थांबलात. "त्याला मी चोर म्हणलो, अन् त्याच तोंडानं भाकर घेऊ व्हय? लोकांचं तुला लई पडलंय." हे तुम्ही रागानं म्हणालात की नाही, मला आजही सांगता येत नाही. मला मात्र ते लागलं. माझं कडवं दुसऱ्या मुलीनं म्हटलं होतं आणि वर मलाच बोलणं खावं लागलं, एवढंच मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तुम्ही काय केलंत ते आईकडून कळलं. सगळ्यांना बोलावून तुम्ही तुमची स्वतःची पेटी उघडलीत, एकेक हत्यार बाहेर मांडलंत, तुमच्या भाकरीचं फडकं झटकलंत, आणि मोठ्या डॉक्टरांपुढं म्हणालात की चूक माझी, चोर म्हणायचं तर मला म्हणा, मी याची अब्रू चोरली. तरीही सगळा उन्हाळा डबे वेगळेच राहिले. पुढच्या दोन प्रभुभोजनांना तुम्ही बाकावर बसून राहिलात, आणि मी तुमच्या शेजारी लाजेनं मरत होते. पावसाळा लागल्यावर कधीतरी आईनं पुन्हा दोन माणसांचं पिठलं डब्यात भरलं, तेव्हा मला समजलं की मिटलं.

मी त्यातून काही शिकले नाही, दादा. मी उलटंच शिकले. देवळात सगळं नीट, सरळ, वेळेवर व्हायला पाहिजे, कुणाची मान वळायला नको, हे माझ्या मनात पक्कं बसलं. पुढं मी गायकवृंदात गेले आणि बावीस वर्षं तो सांभाळला. आमच्या रांगेत एक साडी वेगळ्या रंगाची दिसायची नाही. सूर एक केसभर उतरला तर मी डोळ्यांनी सांगायचे आणि समोरची सावरायची. लोक म्हणायचे, बाईंमुळं आपल्याकडं खरी उपासना होते. मला ते पटायचं.

माझी धाकटी जाऊ वाळूजला एका कारखान्यात कामाला आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. चार वर्षांपूर्वी नाताळच्या तालमीला ती सलग तिसऱ्यांदा उशिरा आली. शिफ्टची बस चुकली होती. कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच, हाताला तेलाचा वास. रांगेत येऊन उभी राहिली आणि मी गाणं थांबवलं. पंचवीस माणसांपुढं म्हणाले, "हे देवाचं घर आहे, कंपनीचं गेट नाही. ज्याला देवासाठी वेळ नाही त्यानं पुढं उभं राहू नये." तिनं पायरीवर ठेवलेली पिशवी उचलली आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्यानंतर कधीच नाही. दीर सणाला एकटे यायचे, बसायचे, निघून जायचे. घरात कुणी विषय काढला की मी म्हणायचे, तिचं तिला कळायला पाहिजे. या चार वर्षांत मी एकही प्रभुभोजन चुकवलं नाही.

या वर्षी उपवासकाळात पाळकसाहेबांनी सांगितलं, रविवारी उपासना झाल्यावर महिला मंडळापुढं बोला, विषय खरी उपासना. मला आनंद झाला. याच खिडकीपाशी बसून चार पानं लिहिली. आत्म्यानं आणि खरेपणानं भजणं म्हणजे काय, सगळं व्यवस्थित. मग एक वचन जोडावं म्हणून पवित्र शास्त्र उघडलं आणि ती जागा आली, जिथं प्रभू सांगतो की वेदीपुढं आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा. कितीतरी वेळा वाचलेली जागा. पण त्या दिवशी ती वाचताना मला तुमची पाठ दिसली, मधल्या वाटेनं जाणारी. पन्नास वर्षं मी तुम्हाला उपासना अर्ध्यावर सोडून गेलेला माणूस समजत होते. तुम्ही त्या दिवशी उपासनाच करत होतात, आणि मी मागून माझ्या कडव्यासाठी रडत चालले होते. मी कुकर बंद केला आणि खुर्चीवर नुसतीच बसून राहिले.

रविवारी गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि भाकरीची वेळ आली तेव्हा मी गायकवृंदाच्या जागेवरून उठलेच नाही. नंतर महिला मंडळ बसलं. मी उभी राहिले, चार पानं पर्समध्येच ठेवली आणि म्हणाले, "या विषयावर मला आज बोलता येणार नाही. माझ्या जावेला मी इथं, या पायरीवर, सगळ्यांदेखत अपमान करून घालवलं. तुमच्यातल्या कितीतरी जणी तेव्हा होत्या. तिचं काही चुकलं नव्हतं." मागून एक म्हातारी म्हणाली, "मग इथं काय करतीस? जा की." काही जणी हसल्या, आणि त्या हसण्यानं माझ्या पायांत बळ आलं.

गंगापूरकडं जाणारी एसटी मिळाली, वाळूजला उतरले. कामगार वसाहतीतलं तिचं घर विचारत विचारत गेले. चार वर्षांत मी तिथं एकदाही गेले नव्हते. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, तोच निळा शर्ट दोरीवर. मला पाहून तिनं आधी विचारलं, "घरी सगळे बरे हायत ना?" तिला वाटलं, कुणीतरी गेलं असणार. नाहीतर मी कशाला येईन.

मी दारातच बोलायला लागले. जे महिला मंडळापुढं बोलले तेच, आणि आणखीही. ती ऐकत होती, हातात ओला टॉवेल तसाच. माझं बोलून झाल्यावर तिनं तो दोरीवर टाकला. मग म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी उपाशी आले व्हते. बस चुकली म्हणून कंपनीच्या गेटपासून चालत निघाले, मग एक टेम्पो भेटला. गायला मिळावं म्हणून." आणि पुढं म्हणाली, "मी देवाला सोडलं नाय. तुमच्या रांगेला सोडलं." मी म्हटलं, बरोबर केलंस. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघायला लागली.

मी तिला परत ये म्हटलं. ती नाही म्हणाली. अजून मन होत नाही, खोटं कशाला बोलू, म्हणाली. चहा टाकला. मग कप पुढं करताना म्हणाली, "गुरुवारी आम्ही पाच बायका इथंच बसतो प्रार्थनेला. शिफ्ट बघून वेळ ठरवतो. तुम्हाला यायचं तर या. पण शिकवायला नाय."

मी जातेय, दादा. हा सातवा गुरुवार झाला. चटईवर बसतो. एकीचं बाळ मधेच रांगत येतं, एकीला पाठ दुखते म्हणून ती आडवी होऊनच गाते. कुणाचाच सूर नीट लागत नाही. माझ्या जावेचा लागतो, पण ती बाकीच्यांना सोडून पुढं जात नाही, त्यांच्यासाठी थांबते. ते मला बावीस वर्षांत कधी जमलं नाही. पहिल्या गुरुवारी मी तिथून बाहेर पडले आणि एसटीत खिडकीपाशी बसल्यावर लक्षात आलं की माझे खांदे खाली आलेत. इतकी वर्षं ते वर ओढूनच ठेवले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. देवाला माझ्याकडून नीटनेटकी रांग नको होती. नको होती, हे कळून इतकं हलकं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. गायकवृंद मी दुसऱ्या एकीकडं सोपवला, वाईट वाटून नाही. आता रविवारी मी बाकावर बसते, शेजारणीचा सूर गेला तर जाऊ देते, आणि एखादं कडवं मनापासून म्हणते, एखादं नुसतं ऐकते.

जावेनं मला पूर्ण माफ केलंय का, मला माहीत नाही. परवा तिनं दिरांच्या हातून ज्वारीचं पीठ पाठवलं. मी विचारायचं नाही असं ठरवलंय. तुम्हीही चाचांना कधी विचारलं नसणार.

हे पत्र इथंच वहीत राहील. कुणी वाचू नये असं त्यात एकच आहे, ते अजून लिहायचं राहिलंय. तिच्या दारात उभी राहून मी माफी मागत होते ना, खरोखर रडत होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण अर्ध्या वाक्यात एकदा माझ्या मनात आलं, की मी हे किती चांगलं बोलतेय. हे मी तिला सांगितलेलं नाही.