संयूनं विचारलेले शब्द

मंगळवार, ३ डिसेंबर

संयूचा मेसेज— क्रेस्टफॉलन म्हणजे काय गं आई? सांगलीला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करते आणि शब्द अडला की आठवण आईची! तपासायला घेतलेल्या नववीच्या इंग्रजीच्या वह्या बाजूला सारल्या आणि सविस्तर लिहून पाठवलं. झुंजीत हरलेल्या कोंबड्याचा तुरा पडतो, त्यावरून मनानं खचलेला. खाली एक वाक्यही करून दिलं. उत्तर आलं— थँक्यू मॅडम. लबाड! दिवसभर खूश होते.

गुरुवार, ५ डिसेंबर

आज हँगडॉग. अपराध्यासारखं तोंड पाडून फिरणाऱ्याला म्हणतात. शिवाय इंग्रजीतल्या शेपूट पायांत घालण्याबद्दलही विचारलं. मी लिहिलं— आपल्याकडे शेपूट घातली म्हणजे घाबरून माघार घेतली. इंग्रजीत त्यात लाजही येते, खिन्नपणाही येतो. काय नेमके शब्द निवडतेय पोरगी! स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. मिरवलं म्हणा ना.

शनिवार, ७ डिसेंबर

भाकरी थापताना एकदम डोक्यात आलं— त्या परीक्षेला इंग्रजीचा पेपरच नसतो! भाकरी करपली.

रविवार, ८ डिसेंबर

फोन केला. "शब्द कशाला हवेत गं?" "असंच." "बरी आहेस ना?" "हो." "जेवलीस?" "जेवले." आवाज नेहमीसारखाच.

आमच्या घरात चौकशी म्हणजे 'जेवलीस?' हा एकच प्रश्न. रविराज, माझा नवरा, फौजेत. त्याचा तिकडून फोन आला की तो मला हेच विचारतो, मीही त्याला हेच. ही सवय आबांची, माझ्या सासऱ्यांची. त्यांची हयात गुरांच्या बाजारात गेली. त्यांना सगळं सांगितलं तर गोठ्यातूनच म्हणाले, "खातीया न्हवं? जनावर वैरण खातंय, रवंथ करतंय, म्हंजे बेस हाय. तू लय इचार करती अंजना." म्हशीनंही त्यांच्याच बाजूनं मान हलवली. हायसं वाटलं. तासभर.

मंगळवार, १० डिसेंबर

वर्गात धडा अर्धा राहिला, लक्षच नाही. मेसवाल्या हरणाबाईंना फोन लावला. "आवं मॅडम, तुमच्या पोरीचा डबा रोज धुतल्यागत रिकामा येतोय! एक शीत ऱ्हात न्हाई!"

मग मी अजून फोन हातात धरून का बसलेय?

आबांना सांगितलं. त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली. मग म्हणाले, "एक शीत न्हाई? कारल्याची भाजी बी खाती?" अगं बाई! कारलं दिसलं की ताट सरकवून उठणारी ही पोर! "नको ते जनावर बी बाजूला सारतंय," आबा म्हणाले. "जा, बघून ये. पर सांगून जाऊ नगंस. गिऱ्हाईक यायचं म्हटलं की आमी बाजारात आजारी बैल बी झकास दिसंल असा हुबा करत हुतो."

गुरुवार, १२ डिसेंबर

रजा टाकली. आष्ट्यावरून सांगली. होस्टेलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले— चोरासारखी, स्वतःच्या लेकीला बघायला!

साडेबाराला डबे आले. एक तांबडं कुत्रं कुठूनसं धावत आलं आणि फाटकाशी बसलं. अंगानं चांगलं गुटगुटीत, शेपूट नुसती भिरभिरतेय. मग संयू आली. डबा घेतला, भिंतीकडेला बसली, झाकण काढलं आणि अख्खा डबा कागदावर ओतला. पोळ्या, भाजी, भात, सगळं. कुत्रं खात होतं आणि ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. ड्रेस खांद्यावरून लोंबतोय. मान खाली. रडत नव्हती, काही नाही. तशीच बसून होती.

मी पाठवलेले सगळे शब्द समोर भिंतीला टेकून बसले होते. आणि मी मेली त्यांची वाक्यं करत बसले!

हाक मारली. तिनं वर बघितलं, दचकली, डबा पाठीमागं लपवला आणि म्हणाली, "आई, तू जेवलीस?"

मला रस्त्यातच रडू फुटलं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

गादी, पुस्तकं, बादली— सगळं घेऊन कालच घरी आलो. परीक्षेचं मागनं बघू, आबा म्हणाले. आज संध्याकाळी संयूला डॉक्टरांकडे न्यायचंय.

काल गाडीत तिला विचारलं, सरळ मराठीत का नाही गं सांगितलंस? आष्टा येईपर्यंत मांडीवरची बादली धरून बसली. मग म्हणाली, "मराठीत सांगितलं की तू घाबरतेस. इंग्रजीत विचारलं की खूश होतेस."