मागताक्षणी एक वडी

शुक्रवार, दुपार

आदरणीय दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता. कंबर आहे तशीच आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांना म्हणावं डॉक्टर बदला. जो डॉक्टर स्वतः खोकत खोकत तपासतो, त्याच्याकडून मी तरी गोळी घेतली नसती. तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा करतो, कारण हे पत्र वाचून तो थोडा चढण्याचा संभव आहे. सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता, आणि हा विषय असा आहे की तुम्ही मध्ये बोलू नये असं मला वाटतं.

विषय असा की मी जिंकलो.

वहिनींच्या साठीच्या जेवणाचा दिवस तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. मी तुम्हाला आणि पंगतीतल्या इतरांना शांतपणे समजावून सांगत होतो की पैसा म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, नुसता विश्वास आहे. (चौतीस वर्षं मी रबरी शिक्के बनवून विकले. साध्या कागदाला वजन कशाने येतं हे मला बँकेतल्या माणसाने शिकवू नये.) एक देश दुसऱ्या देशाच्या भरवशावर, एक बँक दुसऱ्या बँकेच्या भरवशावर, आणि सगळ्यांत खाली तुम्हीआम्ही, ‘बाकीचे मानतात म्हणून मीही मानतो’ एवढ्या आधारावर उभे. लांब कुठेतरी कुणाचा पाय घसरला की आपल्या नाक्यावर दूध मिळणार नाही, असं मी म्हणत होतो. त्यावर तुम्ही, बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, सोळा माणसांदेखत म्हणालात, “आमच्या साबणशेटना अजून भात वाढा.” सगळे हसले. मीही हसलो, कारण हातात ताट होतं आणि ताट टाकून निघून जाण्याचं माझं वय राहिलेलं नाही. पण ते नाव इथपर्यंत आलं. गल्लीतली पोरंसुद्धा साबणशेट म्हणायला लागली.

त्या दिवशी परतताना तुमची बहीण गाडीत बोटांच्या वितीने कसलं तरी माप घेत होती. (ती खुशीत असली की मी तिला ‘आमची ही’ म्हणतो. या पत्रात बहुतेक ठिकाणी ती तुमची बहीण आहे.) घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली की मागची खोली महिनाअखेर रिकामी हवी, तिला तिथे कापड बेतायचं टेबल टाकायचंय, नाहीतर ती भंगारवाल्याला बोलावणार. एकतीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय की ती धमकी देत नाही, तारीख देते.

आता मागच्या खोलीबद्दल तुमचे गैरसमज आहेत ते दूर करतो. संकटाची तयारी मी साबणापासून सुरू केलेली नव्हती. आधी तांदूळ भरला, त्यात किडे झाले. मग मीठ भरलं, त्याचा चार महिन्यांत एकच दगड झाला, तो अजून आहे, दार उघडं ठेवायला उपयोगी पडतो. मग मेणबत्त्या. त्या उन्हाळ्यात एकमेकींना अशा चिकटल्या की आता एकच मेणबत्ती आहे आणि तिला चाळीस वाती आहेत. या अनुभवातून मी साबणाकडे आलो. साबण नासत नाही, वितळत नाही, आणि माणूस कितीही कंगाल झाला तरी मळायचा थांबत नाही. उंदीर साबण खातात ही माहिती मला उशिरा मिळाली, पण त्यांनी अकरा वड्यांवर समाधान मानलं.

आणि मग तो मंगळवार उजाडला. सकाळी नऊला तुमची बहीण फोन घेऊन बाजारात गेली आणि साडेनऊला परत आली. पिशवी रिकामी, चेहरा भरलेला. फोनने पैसे जात नव्हते, कार्ड चालत नव्हतं, नोटांच्या मशीनसमोर अर्धी गल्ली उभी होती आणि मशीनच्या तोंडावर कागद चिकटवलेला होता: तांत्रिक कारणास्तव व्यवहार तात्पुरते बंद. (खाली शिक्का होता. तिरका मारलेला. एवढी मोठी बँक, पण शिक्का सरळ मारणारा एक माणूस ठेवता येत नाही.) कुणी म्हणे बाहेरच्या कुठल्या देशातली मोठी बँक बसली आणि तिला आपली बांधलेली होती, कुणी म्हणे नुसते संगणक बिघडले. नोटा तर आजकाल कुणाच्या घरात असतात? दादा, लाज वाटते लिहायला, पण मला आनंद झाला. मी मागच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि साबणाच्या खोक्यांकडे बघत पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

पहिला दिवस वड्यांवरच भागला. एका वडीला पाव, दोन वड्यांना भाजी. दुसऱ्या दिवशी अंडीवाल्याने तक्रार केली की त्याच्या अंड्यांना गुलाबाचा वास यायला लागलाय आणि गिऱ्हाईक अंड्याकडे संशयाने बघतं. वडी तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाला, मला काहीतरी लिहून द्या. लिहून द्या हे शब्द ऐकून माझ्यातला शिक्केवाला जागा झाला. दुकानातून उरलेला जाड कागद आणला, पत्त्यांएवढे तुकडे कापले, आणि सबंध दुपार बसून एक गोल शिक्का घडवला. मध्ये वडीचं चित्र, भोवती मजकूर: ‘मागताक्षणी एक वडी साबण मिळेल.’ खाली माझी सही. जांभळी शाई. असा शिक्का मी जन्मात दुसरा बनवलेला नाही.

त्या चिठ्ठ्या कशा फिरल्या ते तुम्ही बघायला हवं होतं. अंडीवाल्याने दाढी करून घेऊन न्हाव्याला दिली, न्हाव्याने नळ दुरुस्त करून घेतला, नळवाल्याने चष्मेवाल्याला दिली. आणि मौज अशी की साबण न्यायला कुणीच येईना. वड्या खोलीत गप्प पडून आणि चिठ्ठ्या गल्लीभर हिंडतायत. तिसऱ्या दिवशी लोक मला साबणशेट म्हणायचे थांबले. चौथ्या दिवशी न्हावी मला ‘गव्हर्नरसाहेब’ म्हणाला आणि नंबर नसताना खुर्चीवर बसवलं. नऊ दिवस, दादा, ही गल्ली माझ्या सहीवर जेवली. तळमजल्यावरच्या आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, औषधवाला उधार देऊन देऊन थकला होता. त्यानेसुद्धा माझी चिठ्ठी उजेडाकडे धरून बघितली आणि गोळ्या दिल्या.

फक्त तुमच्या बहिणीला या सगळ्याचं काही नाही. मी बाहेर एवढी मोठी व्यवस्था चालवतोय आणि घरात हिची मशीन खडखड चालू. कुणाच्या पँटी आखूड कर, कुणाची चेन बदल, न्हाव्याच्या दुकानाचे पडदे, अंडीवाल्याच्या हातगाडीचं छत. गेल्या शनिवारी फोन, कार्ड, सगळं पूर्ववत सुरू झालं तरी ही शिलाई चिठ्ठीवरच घेते, पैसे दिले तर नको म्हणते. हा तिने उशिरा का होईना माझ्या विचारांना दिलेला मान आहे असं मी समजतो. तोंडाने कबूल करणार नाही, तुमच्या घराण्याची ती रीतच आहे.

तेव्हा माझी तुमच्याकडे एकच अपेक्षा आहे. दोन ओळी लिहून पाठवा. ‘साठीच्या जेवणात मी बोललो ते चुकलो.’ खाली सही आणि तारीख. शिक्का नसला तरी चालेल, तो मी इथे मारून घेईन. हे पत्र पाववाल्याच्या गाडीबरोबर पाठवतोय, ती संध्याकाळी तुमच्याकडे निघते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा विजयी मेहुणा

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. रविवारी सकाळी दहाला तुम्ही इथे येऊ शकाल का? काम काही नाही. तुम्ही एक गोष्ट नेहमी सांगता ना, तुमची शाखा बुडाल्याची अफवा उठली, बाहेर पन्नास माणसं जमली, आणि तुम्ही दारात खुर्ची टाकून सावकाश चहा पीत वर्तमानपत्र वाचत बसलात, तेव्हा तुमचा चेहरा बघून लोक हळूहळू घरी गेले? त्या गोष्टीवर मी आजवर सात-आठ वेळा हसलोय. (तिजोरी रिकामी होती हे तुम्ही हळूच सांगता, तेव्हा तर जास्तच.) ते हसणं मी मागे घेतो. तर तसंच बसायचं. खुर्ची माझी, चहा माझा. वर्तमानपत्र तुम्ही आणा, बँकेत घालायचा तो कोटही आणा. झालं असं की पैसे पुन्हा सुरू झाल्यावर लोकांना चिठ्ठ्यांचा साबण करून घ्यावासा वाटू लागलाय. अंडीवाला म्हणाला रविवारी दहाला येतो, तर बाकीचे म्हणाले आम्हीपण येतो. खोलीत दोनशे चार वड्या आहेत. चिठ्ठ्या बाहेर आहेत तीनशे त्रेसष्ट. पहिली जास्तीची चिठ्ठी मी आजींच्या गोळ्यांसाठी काढली, शपथेवर सांगतो. दुसरी माझ्या चष्म्याच्या दांडीसाठी. पुढच्या का काढल्या ते नीट आठवत नाही, पण शिक्का हातात असला आणि कुणी विचारणारं नसलं की हात आपोआप खाली येतो. दादा, मला साबणाची फिकर नाही. ही गल्ली मला नऊ दिवस गव्हर्नर म्हणाली. रविवारी अकरा वाजता ती मला काय म्हणेल, या विचाराने मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

ता. क. २. गाडीवाला दारात हॉर्न वाजवतोय, तरी हे लिहायलाच हवं. दादाला माझ्याही दोन ओळी लिहिते असं म्हणून तुमच्या बहिणीने पत्र मागून घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्यानेच वाचलं. मग आत गेली आणि बटणांचा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे उपडा केला. बटणं नव्हती. चिठ्ठ्या होत्या. एकशे अठ्ठावन्न. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि मग मला गेल्या दोन आठवड्यांची खडखड कळली. मागची खोली रोज तीच झाडते, वड्या किती आहेत हे तिला माझ्याआधी माहीत होतं. चिठ्ठ्या किती निघाल्या ते कापलेल्या कागदाच्या कचऱ्यावरून तिने ताडलं. बाहेर आता बरोबर दोनशे पाच उरल्या आहेत. मी म्हटलं, अगं, मला सांगायचं तरी. तर म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही आणखी छापल्या असत्या.” मग चिठ्ठ्या डब्यात भरता भरता म्हणाली, “तुमच्या सहीला गल्लीत कुणी हसलेलं मला चालायचं नाही. हसायचं असेल तर घरात मी आहे.” दादा, मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आमची ही मशीनवर परत जाऊन बसली. सोमवारी टेबल येतंय.

तेव्हा त्या दोन ओळी लिहाल त्या हिच्या नावाने लिहा. मी जिंकलो हे मात्र तसंच राहू द्या, कारण असं माणूस ज्याच्या घरात आहे तो हरला असं कसं म्हणायचं. आणि रविवारी या. आता चेहरा शांत ठेवायची गरज नाही, नुसता चहा प्यायला या.

ता. क. ३. खोलीत दोनशे चार वड्या आणि बाहेर दोनशे पाच चिठ्ठ्या, हे तुमच्या बँकेतल्या नजरेला खटकलं असेल. हिने ती एक चिठ्ठीही हिशेबात धरली आहे. न्हाणीघरातली नवी वडी, जिचा कागद अजून काढला नव्हता, ती तिने आत्ताच उचलून खोलीत नेऊन ठेवली. तेव्हा येताना एक साबण आणाल का? आम्हा दोघांच्या आंघोळीला घरात साबण नाही.