मृत्युपत्राला दोन साक्षीदार

३ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या डिस्पॅचचा जुना सुपरवायझर गेल्या महिन्यात अचानक गेला. आज त्याची बायको ऑफिसात आली होती. नवऱ्याने कुठे काय ठेवलंय, कुणाला ठाऊक आहे का, असं टेबलाटेबलावर विचारत होती. कुणालाच ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं. डबा अर्धाच खाल्ला.
संकल्प: मार्चअखेर मृत्युपत्र तयार. मी त्या सुपरवायझरसारखा गाफील माणूस नाही.

४ फेब्रुवारी
पाच कप्प्यांची फाइल आणली. कप्प्यांवर लेबलं लावली. आज एवढं पुरे.

९ फेब्रुवारी, रविवार
कागदपत्रं जमवायचा दिवस. कपाट उघडल्यावर आधी पंख्याचं गॅरंटी कार्ड सापडलं. त्याची मुदत गेल्याच महिन्यात संपली होती. मूड गेला. फ्लॅटचे कागद कुठेच मिळेनात. ही म्हणाली, ताईंना विचारा.
ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं. आई गेल्यापासून आमच्याकडेच असते, मागच्या खोलीत. तिने चहा उकळेपर्यंत सगळे कागद काढून दिले. घराला शिस्त लावली की असा फायदा होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
अभ्यास. वकील तासावर पैसे घेतात, तेव्हा प्राथमिक गोष्टी आपण शिकूनच जायला हव्यात. आजचा धडा: नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो फक्त पैसे ताब्यात घेतो, ते जातात वारसांना. हे मला माहीत होतं, फक्त उलटं माहीत होतं.
माझ्या जुन्या खात्यावर नॉमिनी कोण ते पाहिलं. आई. बँकेत जाऊन बदलायला हवं. गुडघा दुखतोय.

२१ फेब्रुवारी
बँकेसाठी अर्धी रजा टाकली. जेवून जरा पडलो. उठलो तेव्हा बँक बंद झाली होती.

२ मार्च, रविवार
वाटणी केली. फ्लॅट आणि ठेवी आधी हिला, हिच्यानंतर मुलाला. ट्रेडमिल मुलाला. माझी जुनी सायकल वॉचमनला. लहानसहान माणसांनाही विसरून चालत नाही, हे मोठेपण अंगात असावं लागतं.
संध्याकाळी मुलाला फोन करून हळूच कल्पना दिली. तो म्हणाला, ट्रेडमिल आत्ताच विकून टाका ना, उगाच जागा अडते. माझ्या भावना पोहोचल्या नसाव्यात. नेटवर्क खराब होतं.

९ मार्च, रविवार
मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला एक विश्वासू माणूस नेमतात. हा मान मेव्हण्याला द्यायचं ठरवलं. विचार करून सांगतो म्हणाला. त्यानंतर फोन उचलत नाही. भारावला असावा.

१६ मार्च, रविवार
लिहून काढलं. “पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली नसताना” वगैरे. ही वाचून म्हणाली, दबाव कसला, तुम्हाला दोन वेळा हाक मारली तरी ऐकू जात नाही. दुर्लक्ष केलं.

३१ मार्च
मुदत आज संपली. वर्षअखेरीचं काम होतं, माझा दोष नाही. नवी मुदत एप्रिलअखेर.

६ एप्रिल, रविवार
दोन साक्षीदार लागतात. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार व्हायचं नाही. म्हणजे ही बाद, मुलगा बाद. वॉचमन सायकलीपायी बाद. शेजारी तयार झाला. दुसरा कुठून आणायचा म्हणून डोकं खाजवत बसलो होतो, आणि एकदम सुचलं. ताई! कायम घरात, अक्षर वळणदार, काही वादच नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा.
ती भाजी निवडत होती. तिला सगळा नियम नीट समजावून सांगितला. मग तिने विचारलं, “वॉचमनला सायकल दिलीस?”
मी हो म्हटलं.
“चांगलं केलंस,” ती म्हणाली. “सही कधी करायची ते सांग.”
तिचा हा समजूतदारपणा मला नेहमीच आवडतो.

१३ एप्रिल, रविवार
ताई हल्ली संध्याकाळी बाहेर जाते. चांगलंच आहे, या वयात चालणं हवं. चहा मात्र मलाच करावा लागतो. ही तुटक बोलते. काय झालं विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला खरंच कळत नाही का. उन्हाळा फार आहे.

२१ एप्रिल, सोमवार
वकीलबाईंकडे गेलो. फाइल पाहून खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी विचारलं, घरात कोण कोण राहतं. मी म्हटलं, मी, बायको, बहीण. मग पानं चाळून म्हणाल्या, यात बहीण कुठे दिसत नाही. म्हटलं, आहे ना, साक्षीदारांत.
बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, तुम्ही दोघं गेल्यावर घर मुलाचं. बायको-मुलगा असताना बहिणीचा नंबरच लागत नाही. तुम्ही लिहिलंत तरच तिला काही. हयातभर राहण्याचा हक्क देता येतो, दोन ओळींचं काम आहे.
मी म्हटलं, मुलगा आत्याला घराबाहेर काढणार नाही.
“नाही काढणार,” बाई म्हणाल्या. “पण त्यांनी कुणाच्या मर्जीवर राहायचं?”
वॉचमनची सायकल तिथेच समोर लिहिलेली दिसत होती. लाज वाटली.

२२ एप्रिल, सकाळ
दोन ओळी घातल्या. मागची खोली ताईची, ती असेपर्यंत. संध्याकाळी सांगतो. बहुतेक रडेल. मी म्हणेन, अगं, त्यात काय एवढं.

२२ एप्रिल, संध्याकाळ
ताई रडली नाही. तिने शाळेतल्या मैत्रिणीच्या घरातली एक खोली भाड्याने घेतली आहे. पहिल्या तारखेला जाते. हिला आधीपासून माहीत होतं.
मी कागद पुढे केला. तिने दोन्ही ओळी वाचल्या. छान लिहिलंयस म्हणाली. मी म्हटलं, आता खोली तुझी, त्यामुळे तुझी सही चालणार नाही.
“मग त्या ओळी काढ,” ती म्हणाली. “मी सही करते. तुला आणखी माणूस शोधत फिरायला नको.”
ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर समजूत घालता आली असती.

१ मे
ताई गेली. ओळी मी काढलेल्या नाहीत. चार दिवसांत कंटाळून येईल परत. तोवर खोली तयार असावी म्हणून पलंगावर धुतलेली चादर घालायला गेलो. चादरी कुठे ठेवतात ते सापडेना. ही दार लावून पडली होती. शेवटी ताईलाच फोन केला. तिने कपाट सांगितलं, कप्पा सांगितला, उशीचे अभ्रे कुठे आहेत तेही सांगितलं. मग विचारलं, कुणासाठी रे?
पाहुणे येणार आहेत, म्हटलं.