बाथरूमची कडी

चिमणे,

तू आत्ता तिसाव्या, शेवटच्या सेशनला गेली आहेस, एकटीच. पहिल्या दिवशी मी सोबत होते. मेंदूला चालना देणारी ती चुंबकाची कॉइल त्यांनी तुझ्या डोक्याला लावली, टकटक सुरू झाली आणि माझाच जीव टांगणीला लागला. तू मात्र म्हणालीस, "ताई, सुतारपक्षी आहे गं. आत काही सापडलं तर सांगेल."

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीवर, भावनांचा तोल सुटण्याच्या तुझ्या या आजारावर, याचा उपयोग होईलच अशी खात्री नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी तू एक दिवस चुकवला नाहीस. मी साधी गोळ्यांची पट्टी पुरी करत नाही!

परवा आपलं कडाक्याचं भांडण झालं. आता तुझ्या हातातला कप फुटणार म्हणून मी डोळे मिटले. तू तो अलगद खाली ठेवलास. "मला फार राग आलाय, दहा मिनिटांनी बोलू," म्हणालीस आणि बाथरूममध्ये गेलीस. मी सवयीने धावले आणि दार ढकललं. चार वर्षांपूर्वी तू आत स्वतःला कापून घेतलंस, तेव्हा आतली कडी मीच काढून टाकली होती.

तू तोंडाला साबण लावून उभी होतीस. "ताई, तोंड धुतेय गं." एवढंच. रडले मीच.

हे पत्र तुला देणार नाही. कौतुक केलं की तू विचारतेस, "म्हणजे आधी मी वाईट होते?" नव्हतीस गं, कधीच. पण हे मला बोलून दाखवता येत नाही. स्क्रू ड्रायव्हर मात्र चालवता येतो. मघाशी कडी परत बसवली. आतून.

आता दार न ढकलणारी,
ताई