काचेच्या निखाऱ्यांवरचा ओवा

डिलाईल रोड
बुधवार, जानेवारी १९५६, दिवेलागणीनंतर

हरताळामुळे कोळशाची वखार आजही बंद. घरातला कोळसा सकाळीच संपला. मला आणि बाळाला शेक कसा द्यायचा, म्हणून सासूबाई दिवसभर कासावीस. बारसं व्हायच्या आत बाळंतिणीची शेगडी थंड पडली तर अपशकुन, हेच त्यांचं पालुपद.

शेवटी ह्यांनी माळ्यावरून विजेची शेगडी काढली. माझगावच्या गोदीत एका बोटीतून मोडीत निघालेली. जळकी कॉइल काढून नवी बसवली. वर काचेचे खोटे निखारे, त्यांच्याखाली दिवा. लाल दिवा कुठला मिळायला? साध्याच दिव्याला माझा आळता फासत बसले. ऊब देणार कॉइल, मग दिव्याचा एवढा खटाटोप कशाला? विचारलं तर म्हणाले, "आईला लाल दिसायला हवं."

दिसलं. सासूबाईंनी शेगडीला हात जोडले आणि रोजच्यासारखा चिमूटभर ओवा निखाऱ्यांवर टाकला. तडतड नाही, धुरी नाही. त्या वाट बघत बसल्या. आता त्यांना सांगायचं कुणी? मला तर धीर होईना.

"चहा टाकतो," म्हणून हे स्टोव्हकडे गेले. थोड्या वेळाने भाजलेल्या ओव्याचा वास खोलीभर पसरला.

सासूबाईंनी तळवे शेगडीवर धरले, मग बाळाच्या पोटावर ठेवले. "बघ गो, उशिरा का होईना, पेटली."

हे त्यांच्या पाठीमागे तवा घेऊन उभे. बोटं अजून आळत्याने लाल.