मठातल्या योद्ध्यांची पहिली तीन वर्षं

नाना, परवा जळगावला माझ्या कादंबरीवर बोलायला गेले होते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे मी कादंबऱ्या लिहिते हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही. या कादंबरीत सातपुड्यात एक मठ आहे, मी मनाने उभा केलेला. तिथले साधू तलवार चालवण्यात पटाईत, पण नव्याने आलेल्याला पहिली तीन वर्षं शस्त्राला हात लावू देत नाहीत. त्याने आजाऱ्यांचं अंग पुसायचं, त्यांची घाण काढायची, फरशी धुवायची. कार्यक्रमात एका मुलीने विचारलं, "ताई, लढणाऱ्या माणसांना हे काम का दिलंत? कुठून सुचलं?" मी माईक जवळ घेतला आणि म्हणाले, "कल्पनाच म्हणायची." टाळ्या पडल्या. धुळ्याला परत येताना एसटीत बसले, पण एरंडोल कधी गेलं ते कळलं नाही.

कल्पना कसली, नाना. तुम्ही बावीस वर्षं धुळ्यातल्या त्या धर्मादाय दवाखान्यात वॉर्डबॉय होतात. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी लोक बॉयच म्हणायचे. मी कॉलेजात होते, लाठीकाठीत जिल्ह्यात बक्षीस मिळवलेली. वडील काय करतात असं कुणी विचारलं की "दवाखान्यात असतात" एवढंच सांगायची आणि समोरच्याला हवं ते समजू द्यायची. तुम्हाला हे माहीत होतं असं मला आता वाटतं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

त्या उन्हाळ्यात तुमचं मनगट मुरगळलं. रजा घ्या म्हटलं तर ऐकेनात. शेवटी सुट्टीच आहे म्हणून मी तुमच्याबरोबर वॉर्डात यायला लागले. पहिल्याच दिवशी सावद्याकडचे एक म्हातारे बाबा, मांडीचं हाड मोडलेलं, त्यांना कुशीवर करायचं होतं. मी बगलेत हात घातला आणि ओढलं. ते कळवळून ओरडले. तुम्ही सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावर कडाडलात, "पोतं नही शे, माणूस शे तो! पह्यले त्याले सांग, मंग हात लाव." माझे कान तापले. एवढी ताकदीची पोर मी, आणि मला कूस बदलायला शिकवतायत! मग पट्टी बांधलेल्या हातानेच तुम्ही दाखवलंत. आधी काय करणार ते बाबांना सांगितलंत. एक तळवा खांद्यामागे, एक कमरेखाली. त्यांनी श्वास सोडेपर्यंत थांबलात. आणि ते वळले, जणू स्वतःच वळले.

चौथ्या दिवशी दुपारची गोष्ट. आदल्या दिवशी भरती झालेला एक ट्रक ड्रायव्हर, धिप्पाड गडी, ताप डोक्यात गेलेला. अचानक उठतो, सलाइनचा लोखंडी स्टँड उचलतो आणि गरगर फिरवायला लागतो. सिस्टर भिंतीला चिकटलेल्या. त्याच्या सगळ्यात जवळ मी उभी आहे. कुठे फटका मारला की हातातलं हत्यार सुटतं, हे मला पाठ आहे. पण पाय हलत नाहीत. तुम्ही पोछा बादलीत ठेवता आणि चालत येता. "भाऊ, मी शे. सकायमा तुमनं आंग पुसं ना, तोच मी." तो स्टँड फेकतो, आणि स्टँड तुमच्या कानाजवळून जाऊन खिडकीवर आदळतो. तुम्ही त्याच्या डाव्या बाजूने आत शिरता, एक हात खांद्यामागे, एक कमरेला, क्षणभर थांबता, आणि तो पलंगावर बसलेला असतो. अंगावर ओरखडाही नाही. मग रडायला लागतो.

घरी येताना मी विचारलं, "नाना, भीती नाही वाटली?"

"वाटनी ना," तुम्ही म्हणालात. "पन त्याले कोठे दुखस, ते माले माहीत व्हतं. डावा हात वर जात नव्हता त्याना."

माझ्या कादंबरीत शेवटी तो साधू शत्रूला एकही जखम न करता खाली बसवतो. वाचक म्हणतात, तेच प्रकरण सगळ्यात चांगलं. त्यात मी फक्त डोंगर आणि भगवी वस्त्रं घातली. कुणी लिहिलंय की झाडूपोछाने साधूंचा अहंकार गळतो. मला ते पटत नाही. तुम्ही कुठे नम्र होतात? पेशंटला कुणी धसमुसळेपणाने हात लावला तर डॉक्टरांशीही भांडायचात. तुमचा ताठा तुमच्या कामाचा होता. रोज शंभर अंगं पुसून माणसाचं शरीर तुम्हाला जेवढं कळलं होतं, तेवढं मला लाठी फिरवून कधी कळलं नाही. मी तुमच्याइतकं शूर माणूस पुन्हा पाहिलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. म्हणून एक सांगून टाकते. आई वर्षभरापासून अंथरुणावर आहे. तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं एक बाई करते. मी दारात उभी राहून काय हवं-नको विचारते आणि लिहायला बसते. काल बाईने भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस सुट्टी मागितली. मी दिली नाही.