स्पीकरवरचा तळहात

सोलापूर, शनिवार, डिसेंबर १९७५

आज चहाच्या हॉटेलात व्यंकटेशनं पुन्हा आम्ही पुण्यात पाहिलेल्या रॉक शोचं पुराण लावलं. "गिटार लई भारी वाजली की!" शोला मीही होतो, पण कारखान्यातली पोरं त्याचंच ऐकतात. का? यंत्रमागांच्या खडखडाटात त्याचे कान कधीच गेलेत. शोभर तो स्पीकरवर तळहात टेकवून उभा होता, बस्स!

मी त्याच्या तोंडावरच म्हणालो, "बहिऱ्यानं काय ऐकलं? डोंबल!" पोरं खदखदून हसली. म्हटलं, त्याला कुठं कळणार? कारखान्यात आम्ही सगळेच एकमेकांचे ओठ वाचून बोलतो, हेच विसरलो. वाईट वाटलं? फारसं नाही. आज पोरं माझ्यामुळं हसली.

व्यंकटेशनं टेबलावर तळहात टेकवला. हसणं थांबेपर्यंत उचलला नाही.